अक्का आणि कव्हरावरच्या पोरी

सिनेमाच्या मासिकाच्या कव्हरावर आठ-नऊ नव्या नट्या एका ओळीत उभ्या दिसल्या की मी आधी त्यांच्या पायांकडं बघते. चेहरे नंतर. ही खोड मला अक्कानं लावली. तिचं म्हणणं असं, की चेहऱ्याला काय करायचं ते फोटोवाला सांगून ठेवतो, पायांना सांगायचं मात्र विसरतो. पाय बघितले की कळतं कोण सकाळपासून उभी आहे, कुणाची सँडल उसनी आहे आणि कुणाला आता फक्त घरी जायचंय. परवा नांदेडला दातांच्या डॉक्टरकडं नंबर लावून बसले होते, तिथं असंच एक मासिक पडलं होतं. मी इतका वेळ त्या पोरींचे पाय बघत बसले की शेजारच्या बाईंनी शेवटी विचारलं, सँडल कुठं मिळंल ते लिहिलंय का आत.

अक्काचा लातूरला फोटो स्टुडिओ होता. खाली डाळीचं दुकान, वर स्टुडिओ. रोज सकाळी कॅमेऱ्यावर तुरीची बारीक धूळ बसलेली असायची आणि ती पुसून झाल्याशिवाय अक्का कुणाच्या नमस्कारालाही उत्तर द्यायची नाही. कपाळाला भस्माची तीन बोटं, गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग, अंगावर इरकल, आणि पायात पोराचे जुने स्पोर्ट शूज. दिवसभर उभं राहणाऱ्या बाईनं पायांची लाज धरू नये, असं ती म्हणायची. माहेर निलंग्याकडचं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. राग आला की ती कानडीत जायची आणि राग उतरला की मराठीत परत यायची. तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा तिला अक्काच म्हणत. मला तिनं कधी नावानं हाक मारली नाही. मी कंधारची, म्हणून मी कंधारवाली.

मी तिच्याकडं कॉम्प्युटरवर बसायचे. फोटो कापायचे, मागचा पडदा निळ्याचा पांढरा करायचा, तोंडावरची पुटकुळी पुसायची. रंग मात्र उजळायचा नाही, ही पहिल्याच दिवशीची ताकीद. "उजेड लागंल तेवढा वाढव," ती म्हणाली, "कातडीला हात लावायचा न्हाई." आता लातूरसारख्या गावात फोटो स्टुडिओ काढायचा आणि गोरं करून द्यायचं नाही, म्हणजे हॉटेल काढून चहा न ठेवण्यासारखं झालं. समोरच्या स्टुडिओत मुली सावळ्या जायच्या आणि दुधाळ होऊन बाहेर यायच्या. आमच्याकडं यायची ती क्लासेसची पोरं, परीक्षेच्या फॉर्मला फोटो लागतात म्हणून, आणि ज्यांना अक्काचा स्वभाव अजून माहीत नव्हता अशी नवी गिऱ्हाइकं.

ही ताकीद मला फार झोंबायची, कारण त्याच दिवसांत घरी माझं लग्न जमवणं चाललं होतं. मी काळी आहे. सावळी नव्हे, गव्हाळही नव्हे; बायोडाटा लिहिताना मामा त्या रकान्यापाशी दरवेळी पेन थांबवायचा. वडील नव्हते, त्यामुळं पाहुण्यांशी बोलणं, फोटो पाठवणं हे सगळं मामाच्या अंगावर. आईनं कंधारच्या एका स्टुडिओत माझा फोटो काढून घेतला होता. त्यात मी माझीच कुणी गोरी मावसबहीण वाटत होते. तो फोटो बघून तोवर तीन ठिकाणचे पाहुणे येऊन गेले होते. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर यायचे. पाहुण्यांतली बाई माझ्याकडं बघायची, मग हातातल्या मोबाइलकडं, मग परत माझ्याकडं. नकार नंतर फोनवर यायचा, पण मला तो तिथंच मिळालेला असायचा, त्या दुसऱ्या बघण्यात. तो एक क्षण पुन्हा वाट्याला येऊ नये एवढंच मला तेव्हा हवं होतं. लग्न झालं नाही तरी चालेल, असंही मनात यायचं, पण ते आईला ऐकवायची हिंमत नव्हती.

तर ते कव्हर. एका सिनेमाच्या मासिकाचा वर्षातून एकदा खास अंक निघायचा, उद्या पुढं येणाऱ्या नट्यांचा. कव्हरावर त्या सगळ्या एकत्र, एकाच फिक्या रंगाच्या कपड्यांत, कुणी उभी, कुणी गालिच्यावर आडवी. अक्का तो अंक बसस्टँडवरच्या स्टॉलवरून आणायची, कव्हर फाडून त्याचं लॅमिनेशन करायची आणि बाकीचं मासिक न वाचताच खाली डाळवाल्या शेठला देऊन टाकायची. लॅमिनेट केलेलं कव्हर स्टुलाजवळ खिळ्याला टांगलेलं असे. ते तिच्या धंद्याचं हत्यार होतं.

फोटो काढायला माणूस स्टुलावर बसला की त्याचा चेहरा लाकडासारखा होतो, हे कुणीही फोटोवाला सांगेल. बाकीचे फोटोवाले 'हसा' म्हणतात. अक्का कॅमेरा स्टँडवर लावून ठेवायची, कव्हर हातात घ्यायची, गिऱ्हाइकासमोर धरायची आणि विचारायची, "ह्यातली कोणती बरी? अन का?" माणूस आधी लाजायचा. मग बघायचा. मग एकदा का बोलायला लागला की विचारू नका. अक्काचा दुसरा हात पदराखाली असायचा आणि त्या हातात कॅमेऱ्याचा रिमोट. दुसऱ्याला नावं ठेवताना माणूस स्वतःचं तोंड विसरतं, हा तिचा सिद्धांत. आणि खरं सांगते, अक्काच्या फोटोतली माणसं जितकी जिवंत असायची तितकी मी पुढं कुठं बघितली नाहीत. परीक्षेच्या फॉर्मचा फोटो तेवढा सरळ तोंडाचा लागतो. तो आधी उरकून ती त्या पोरांनाही कव्हर दाखवायची आणि तो दुसरा फोटो फुकट द्यायची, घरी आईला पाठवायला म्हणून.

त्या कव्हराबद्दल मी काय काय मतं ऐकली. औशाकडच्या एक बाई सुनेच्या शोधात होत्या. त्यांना पहिली पसंत पडली, फक्त उंची जास्त आहे म्हणाल्या, आमच्या घरात पंखा खाली आहे. एका मास्तरांनी सगळ्यांचं शिक्षण विचारलं. क्लासच्या पोरी त्यांच्या भुवयांवर आणि केसांवर तासन्‌तास बोलायच्या, भौतिकशास्त्रावर बोलत नसतील इतक्या. खालचे डाळवाले शेठ एकदा वर आले, चष्मा लावून कव्हर लांब धरलं, जवळ धरलं आणि म्हणाले, माल चांगला आहे, पण सगळा पॉलिश केलेला आहे. ह्या मतावर अक्का इतकी खूश झाली की शेठचा फोटो तिनं मोठा करून दिला. आणि एकदा कुठल्याशा खेड्यातून एक म्हातारी आली होती, निराधारच्या पगाराला फोटो लागतो म्हणून. तिनं एकेका पोरीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्यांच्या आया कुठं हायत?"  अक्का बटण दाबायचंच विसरली. पुढं कितीतरी दिवस ती कव्हर पुसताना मधेच थांबायची आणि मला म्हणायची, बरोबर विचारलं ग म्हातारीनं.

अक्काची स्वतःची मतं वेगळीच. त्या पोरींची नावं तिनं कधी वाचली नाहीत. ही खांदेवाली, ती वेणीवाली, ती आडवी पडलेली, असा तिचा हिशेब. एकीचंही पोट भरलेलं नाही, हे तिचं ठाम मत होतं. "बघ, श्वास धरून उभ्या हायत. फोटो होईस्तवर कुणी सोडायचा न्हाई म्हणून सांगितलंय." मग ती हळहळायची, जशा काही त्या आपल्याच जिन्यात उपाशी उभ्या आहेत. सगळ्यात जास्त राग तिला ह्याचा, की सगळ्या गोऱ्या. एका वर्षी ती बसस्टँडवरच्या स्टॉलवाल्याला जाऊन भिडली. एवढ्या मोठ्या मुलखात तुमच्या मासिकाला एक काळी पोरगी गावली नाही का, असं तिनं त्याला विचारलं. तो बिचारा म्हणाला, अक्का, मी नुसतं विकतो. ती म्हणाली, मग विकताना सांगत जावा त्यांना.

पुढं कोण येणार ह्याचा तिचा अंदाज दरवर्षी चुकायचा. ती कायम कडेला उभ्या असलेल्या पोरीवर बोट ठेवायची, जिचा अर्धा चेहरा दुसरीच्या खांद्याआड गेलेला. हीच पुढं जाणार, लिहून ठेव. ती पोरगी पुन्हा कुठं दिसायची नाही. अक्का वर्षभर टॉकीजवरची पोस्टरं मान वर करून बघायची, तिला शोधायची. नवीन अंक आला की जुनं कव्हर खिळ्यावरून काढताना कडेच्या त्या पोरीवरून पदरानं धूळ पुसायची. "नांदत असंल कुठंतरी," म्हणायची. तिच्या लेखी जगातल्या सगळ्या हरवलेल्या पोरी कुठंतरी सुखानं नांदत होत्या. मला त्याचं हसू यायचं, आणि आता वय वाढल्यावर ते आठवून डोळे भरून येतात.

ती फार मऊ होती असं मात्र कुणी समजू नये. एक मुलगी आली होती, चाकूरकडची. स्थळासाठी फोटो. अक्कानं तिचा काढलेला फोटो इतका सुरेख होता की मी तो कॉम्प्युटरवर मोठा करून बघत बसले. ती मुलगी माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, ताई, जरा गोरा करा ना. मी अक्काकडं बघितलं. अक्का म्हणाली, न्हाई. मुलगी रडायला लागली. आई खाली रिक्षात थांबलीये, ती मला बोलेल, म्हणाली. मी अक्काची विनवणी केली. म्हटलं, तुमचं तत्त्व ठीक आहे, पण बोलणी हिला खायची आहेत. अक्का कानडीत काहीतरी बोलली आणि तिनं मुलीचे पैसे परत दिले. मुलगी जिना उतरून सरळ समोरच्या स्टुडिओत गेली. अक्का खिडकीत उभी राहिली ती मुलगी तिथनं बाहेर येऊन रिक्षात बसेपर्यंत. त्या दिवशी तिनं दुपारचा चहा घेतला नाही. मीही तिच्याशी बोलले नाही. मला ती तेव्हा फार दुष्ट वाटली होती, आणि थोडी मी अजूनही त्या मुलीच्याच बाजूची आहे.

संध्याकाळी शटर ओढताना मात्र तिनं आपणहून सांगितलं. तिचा नवरा फोटोग्राफर. हा स्टुडिओ त्यांचाच, तिला फोटो काढायला त्यांनीच शिकवलं. पण लग्नाआधी तिचा फोटो काढला होता तो निलंग्याच्या दुसऱ्याच कुणीतरी, तोंडाला पावडर थापून. सासरची माणसं बघायला आली. सासूबाईंनी फोटो बघितला, तिला बघितलं, आणि भरल्या बैठकीत पाण्याचा तांब्या मागवून तिला तोंड धुवायला सांगितलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. धुतलं." कुलूप लावून तिनं ते दोनदा ओढून बघितलं. "पाणी लई गार होतं. थंडीचे दिवस होते."

जिना उतरून रस्त्यावर आल्यावर ती हसली. म्हणाली, पण पसंत पडले बरं का मी, धुतल्यावर बी. आणि आपले बूट वाजवत बसस्टँडच्या दिशेनं निघून गेली.

माझ्या तीन पाहुण्यांची गोष्ट तिला मीच सांगितली.  दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, चल, बस स्टुलावर. मी बसले, पण कव्हराचा डाव मला ठाऊक होता, रिमोट कुठल्या हातात असतो तेही ठाऊक होतं. माझं तोंड काही लाकडाचं माणसाचं होईना. अक्कानं कव्हर बाजूला ठेवलं, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "बरं, मी कशी हाय? खरं सांग."

हे तिनं आजवर कुणाला विचारलं नव्हतं. मी सांगायला लागले. म्हटलं, तुम्ही पंखा एकवर ठेवता. स्वतःच्या चहात साखर दोन चमचे घालता आणि मला एकच. गिऱ्हाइकाला हाकलून देता आणि मग जिन्यात जाऊन वाकून बघता, परत येतंय का. आणि बोलता बोलता मला इतकं हसू फुटलं की डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात बटण दाबून झालं होतं. त्या फोटोत मी अक्काबद्दल बोलते आहे. काळी आहे, दात दिसताहेत, एक बट कपाळावर आली आहे. मी स्वतःला असं कधी पाहिलंच नव्हतं. "हा पाठव," अक्का म्हणाली. "फोटो माणसं बोलवायला नसतो ग. नको ती माणसं त्यांच्या घरी बसवून ठेवायला असतो."

तिनं त्याचा मोठा फोटो काढून दिला. मी तो घेऊन कंधारला गेले. आईनं पाकिटातून अर्धा बाहेर काढला, "काळी आली," एवढंच म्हणाली आणि परत आत सरकवला. मामानं मात्र माझ्या हट्टासाठी तोच फोटो मोबाइलवरून पाठवायला सुरुवात केली. पाऊस गेला, दिवाळी गेली. फोन यायचे, फोटो जायचा, परत फोन यायचा नाही. अक्काचं म्हणणं शब्दशः खरं ठरत होतं. सगळी माणसं आपापल्या घरी बसून होती. तिला ह्याचा आनंद व्हायचा. मला रात्री शांत झोप लागायची, तेही खरं. झोप उडाली होती ती आईची. देवळातून आली की शेजारणी काय बोलल्या ते सांगायची आणि भिंतीकडं तोंड करून बसायची. तिचं चुकत होतं असं मला आजही म्हणवत नाही. तिच्यामागं माझं कोण होतं.

म्हणून उमरीचं स्थळ आलं तेव्हा तिनं मला न सांगता जुनाच फोटो पाठवला, कंधारचा, मावसबहिणीसारखा. लगेच उत्तर आलं, रविवारी येतो. मला हे शनिवारी लातूरला फोनवर कळलं. मी बॅग भरत होते. अक्कानं विचारलं, कोणता फोटो गेलाय. मी मोबाइल पुढं केला. तिनं चष्मा वर करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, ही पोरगी कोण?  मी निघताना माझ्या हातावर शेंगदाण्याच्या चटणीची पुडी ठेवली, बस.

रविवारी सकाळी आई पोहे परतत होती, मी साडी नेसून स्वयंपाकघरात बसले होते आणि पाहुणे बाहेरच्या खोलीत आलेले होते. मुलगा, त्याची आई आणि एक चुलते. मामा त्यांना कंधारच्या किल्ल्याची माहिती सांगत होता, कारण दुसरं काय बोलावं त्याला सुचत नव्हतं. मी ट्रेकडं बघत होते.  आणि दारातून आवाज आला, "हेच का घर?"

अक्का स्टुडिओ बंद ठेवून आली होती. महाशिवरात्र सोडली तर तिनं तो कधी बंद ठेवल्याचं मला माहीत नाही. अहमदपूरला गाडी बदलून, खांद्याला पिशवी, पायात तेच बूट. मामानं ओळख करून दिली, पोरगी ह्यांच्याकडं कामाला आहे. अक्कानं सगळ्यांना शरणार्थ म्हणून नमस्कार केला, मधल्या खुर्चीवर बसली, पाणी प्याली आणि पिशवीतून कव्हर काढलं. दाराच्या फटीतून मी बघत होते. मला वाटलं, आता धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

ती चुलत्यांना म्हणाली, ह्यातली कोणती बरी वाटती बघा. चुलते आधी गोंधळले, पण मत विचारलेला माणूस किती वेळ गप्प बसणार. त्यांनी चष्मा काढला. आडव्या पडलेल्या पोरीला त्यांनी आधी नापास केलं, थोरामोठ्यांसमोर असं पडतात का, म्हणाले. मुलाच्या आईनं बघितलं आणि म्हणाली, मला तर सगळ्या एकाच आईच्या दिसतात. मामानंही वाकून एकीवर बोट ठेवलं. मुलगा खाली मान घालून होता. अक्कानं त्याच्यापुढं कव्हर धरलं तसा तो म्हणाला, मला ह्यातलं काही कळत नाही. "मग काय बघायला आलाव, बाबा?" अक्का म्हणाली, आणि सगळे हसले. तोही हसला. चांगला मुलगा होता तो, मी आजही सांगते.

ते हसणं ओसरलं तेव्हा अक्कानं पिशवीतून पाकीट काढलं. मी कंधारहून परत नेलेला माझा मोठा फोटो तिनं ड्रॉवरमध्ये जपून ठेवला होता. तो तिनं मुलाच्या आईच्या हातात दिला. "अन ही?"

त्या बाईंनी फोटो बघितला. मग पर्समधून मोबाइल काढला, तो बघितला, परत फोटो बघितला. तेच बघणं. 

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

"हीच पोरगी. मोबाइलातली दुसरी कुणीतरी हाय, ती ह्या घरात राहत न्हाई." अक्काचा आवाज अगदी साधा होता, गिऱ्हाइकाला फोटो कधी मिळेल ते सांगावं तसा. "हिला बघायचं असंल तर बाहेर बोलावते. न्हाई तर पोहे खावा, च्या घ्या, सावकाश जावा. पोरगी मात्र उगंच बाहेर येणार न्हाई."

 कढईतला चमचा हातात धरून आई माझ्याजवळ थिजून उभी होती. मग मुलाची आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात खोट नव्हती, "आमच्या मनात उजळ पोरगी होती, बाई. खोटं कशाला बोलू."

"नका बोलू," अक्का म्हणाली. "पोहे खावा." आणि तिनं आत येऊन आमच्या हातून ट्रे घेतला, स्वतःच्या हातानं बाहेर नेला, प्रत्येकाच्या बशीत लिंबू पिळलं. पाहुण्यांनी मान खाली घालून पोहे खाल्ले. जाताना मुलगा दारात अडखळला, काहीतरी बोलणार होता, पण चुलत्यांनी हाक मारली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि गेला. मी पाटावर तशीच बसून होते. साडीची घडी मोडली नव्हती. त्या दिवशी मला कुणी बघितलं नाही, कुणी नाकारलं नाही. नकार तर आलाच होता, पण तो बाहेरच्या खोलीतच राहिला, माझ्यापर्यंत आलाच नाही. मला इतकं हलकं वाटलं की रडू यायला लागलं.

आई बाहेर गेली आणि अक्कावर तुटून पडली. तुम्ही कोण माझ्या घरात येऊन ठरवणाऱ्या, माझ्या लेकीचं चांगलं व्हायला लागलं की तुमच्या डोळ्यांत खुपतं का, उद्या मी डोळे मिटले की हिला तुम्ही सांभाळणार का. मामा मधे पडायला गेला, त्यालाही दोन शब्द बसले. अक्का कानडीत गेली नाही.  ती उरलेल्या पोह्यांची बशी घेऊन बसली होती आणि हळूहळू खात होती. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

बोलून बोलून आई दमली आणि समोरच्या खुर्चीवर बसायला गेली. खुर्चीवर माझा फोटो होता, मुलाच्या आईनं जाताना ठेवून दिलेला. बाजूला करायला म्हणून आईनं तो उचलला. नाक मुरडत उचलला. मग उजेडाकडं धरला. मग दाराशी जाऊन उभी राहिली आणि बघत राहिली. मी आतून बाहेर आले तरी तिचं माझ्याकडं लक्ष नव्हतं.

"हसली की ही माझ्या मायवाणी दिसती," ती म्हणाली.

माझी आजी माझ्या जन्माआधीच गेली. तिचा एकही फोटो घरात नाही. आईनं तिच्या दिसण्याबद्दल मला कधी काही सांगितलं नव्हतं.

अक्कानं बशी खाली ठेवली. "कशी होती माय?"

आईनं फोटोवरून अंगठा फिरवला, माझ्या गालावरून, दातांवरून, कपाळावर आलेल्या बटेवरून.

"काळी होती," आई म्हणाली. "लई देखणी होती."